पुलाचं साल

शनिवार, ११ जानेवारी
सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कचेरीत न्यायच्या पेनात शाई भरत होतो, तेवढ्यात तुझ्या आईचं पत्र आलं. पेन अर्धं भरून बाजूला ठेवलं आणि पत्र दोनदा वाचलं. ताईने फिरवून फिरवून लिहिलंय, पण अर्थ एवढाच, की गेल्या वर्षी तू वाचन-लेखनात नापास झालीस, तुला सहावीत बसवलंय ते अटीवर. ३१ मार्चच्या आत वाचनालयाचा प्रकल्प मान्य झाला नाही तर जूनमध्ये तू पुन्हा पाचवीत, धाकट्या पोरांच्या बाकावर.

हे मला तू स्वतः का कळवलं नाहीस? मामा काय फक्त वाढदिवसाला पैसे पाठवण्यापुरता आहे?

असो. आता ऐक. मी स्वतः नववीतून शाळा सोडलेला माणूस. तरी नोंदणी कचेरीच्या नक्कल विभागात सात वर्षं टिकून आहे. जुने दस्त यंत्राखाली घातले की तुटतात, म्हणून त्यांच्या हुबेहूब प्रती आम्ही हाताने लिहून देतो. दिवसाला सात-आठ. काना इकडचा तिकडे होत नाही. शिक्षण लागतं त्यापेक्षा काळजी जास्त लागते, आणि ती तुझ्यात तसूभर नाही हे तुझ्या अक्षरावरूनच दिसतं.

ताईचं म्हणणं, दर पंधरा दिवसांनी तू मला पत्र लिहावंस, म्हणजे लिहायची सवय होईल. मान्य. प्रकल्पाचा विषय काय, पुस्तकं कोणती, सगळं कळव. मी चुका काढून पाठवीन.

तुझा मामा


रविवार, १९ जानेवारी

प्रिय मामा,

चुका काढायच्या आधी एकदा सगळं पत्र वाच. नाहीतर तू पहिल्या ओळीतच अडकशील.

आमचं वाचनालय टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर आहे, प्रकल्पाचा वर्ग तिथेच भरतो. मोठ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून कुणी लिहायला लागलं की सगळ्यांचं अक्षर हलतं. माझं एकटीचं नाही. ग्रंथपाल बाई कधी उत्तर सांगत नाहीत. काहीही विचारलं की म्हणतात, "कुठल्या पानावर?" मी पाणी पिऊन येऊ का विचारलं तरी हेच विचारतील असं वाटतं.

प्रकल्प असा आहे. आपण एक प्रश्न घ्यायचा. उत्तर निदान दोन पुस्तकांत शोधायचं. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची, खाली पुस्तकाचं नाव आणि पान. शेवटी कार्डं समोर ठेवून दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची. मी प्रश्न घेतला, "नदीवरचा जुना पूल किती वर्षांचा आहे?" मला वाटलं सोपा आहे. एक आकडा शोधायचा, वजाबाकी करायची, संपलं.

संपलं नाही. जाड पुस्तकात, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या, लिहिलंय की पूल १८७१ साली पुरा झाला. आणि पुलावरच्या छोट्या पुस्तिकेत लिहिलंय १८७९. ती पुस्तिका ज्यांनी लिहिली ते निवृत्त गुरुजी रोज वर्तमानपत्राच्या खुर्चीवर बसलेले असतात. मी हळू वाचते म्हणून परवा म्हणाले, "काय गं, पुस्तक वाचतेस की त्याला वारा घालतेस?" सगळे हसले. मी पान उलटायचं सोडून दिलं आणि एकच पान अर्धा तास वाचलं.

आता कुठलं साल खरं? बाईंना विचारलं. त्या काय म्हणाल्या ते तुला माहीतच आहे.

तुझी ठकी


शनिवार, २५ जानेवारी
दुपारचे अडीच

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात अकरा चुका आहेत. यादी मागच्या बाजूला. टेबलाच्या पायाचं कारण चालणार नाही.

सालाचं सांगतो. पुस्तिकेच्या शेवटी लेखकाने आधार काय दिलाय ते बघ, असं मी लिहिणार होतो, पण तू ते बघणार नाहीस म्हणून ताईला बघायला लावलं आणि तिने दुकानावरच्या फोनवरून मला कळवलं. गुरुजींनी पूल पुरा झाल्याच्या दाखल्याचा आधार घेतलाय, आणि त्या दाखल्याची शिक्क्याची नक्कल आमच्याच कचेरीतून नेलेली आहे. मग प्रश्नच मिटला.

आमच्याकडे नक्कल कशी होते हे तुला कळावं म्हणून लिहितो. एक जण लिहितो. मग तो मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि समोरचा दुसरा माणूस नक्कल ताडून पाहतो. आकडे उलटे आणि सुलटे, दोनदा वाचतात. खाली दोन सह्या असतात, वाचणाऱ्याची आणि ताडणाऱ्याची. त्यानंतर शिक्का. अशा कागदात चूक राहत नाही. जाड पुस्तक कुणी कुठे बसून लिहिलं देव जाणे. जाडीवर जाऊ नये.

तेव्हा १८७९ लिही, आणि जाड पुस्तकातलं साल चुकीचं आहे असंही ठामपणे लिही. बाईंना ठामपणा आवडेल. शुद्ध अक्षरात लिही, समास सोड.

तुझा मामा


रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बाईंना ठामपणा आवडला नाही.

मी दोन पानं लिहून दिली. समास सोडला होता. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "१८७९ बरोबर आणि १८७१ चूक, हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, "माझ्या मामाने." बाई म्हणाल्या, "तुझा मामा कुठल्या पानावर आहे?" मग इतके हसले सगळे, की शिपाई दारातून डोकावून गेला.

पानं परत आलीत. मान्य नाहीत. बाईंनी पेन्सिलीने लिहिलंय, "दोन पुस्तकं दोन सालं सांगतात. एक खरं ठरवायचं तर तिसरा पुरावा आण." मला मेलं वाटलं होतं की वाचता आलं की झालं. आता वाचता येतंय तर पुरावा आण म्हणतात. पुढच्या वेळेला पूल आण म्हणतील.

गुरुजी मात्र माझ्यावर खूश आहेत. मी जाड पुस्तक चूक म्हटलं म्हणून त्यांनी मला त्यांच्या पेटीतली लाल-निळी पेन्सिल दिली आणि पुस्तिकेची स्वतःची प्रत सहीसकट. म्हणाले, "ठके, तू एकटी शहाणी निघालीस." वारा घालण्याबद्दल आता काही बोलत नाहीत.

तुझं काम अगदी छोटं आहे. तो मूळ दाखला तुझ्याच कचेरीत आहे ना? जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि गठ्ठ्याचा नंबर आणि पान मला लिहून पाठव. म्हणजे मी सांगीन, मामा अमुक पानावर आहे.

लवकर कर. एकूण सात आठवडे उरलेत आणि आई रोज कॅलेंडरकडे बघून माझ्याकडे बघते.

तुझी ठकी

ता. क. चुका मोजायच्या असतील तर मोज, पण यादी पाठवू नकोस.


शनिवार, २२ फेब्रुवारी
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. सर्दी होती. सोबत खिशात मावणारा शब्दकोश पाठवतो आहे, रोज पाच शब्द पाठ कर.

त्या दाखल्याचा गठ्ठा बांधणीला गेला आहे. कधी येईल सांगता येत नाही. दप्तरखान्यात आम्हालाही हवं तेव्हा हवं ते पाहता येत नाही, त्याला नियम आहेत. तू समजतेस तसं ते काही घरचं कपाट नव्हे.

मी विचार करून सांगतो, तू हा विषयच सोड. पूल किती जुना हे अकरा वर्षांच्या मुलीला कळून काय करायचंय? मीठ कसं तयार होतं हा चांगला विषय आहे. सगळ्या पुस्तकांत एकच माहिती असते, वाद नाही. आठवड्यात होईल. बाईंना सांग, मामांनी विषय बदलायला सांगितलाय.

आणि गुरुजींशी फार बोलत बसू नकोस. वाचनालयात बोलायचं नसतं.

तुझा मामा


रविवार, २ मार्च

मामा,

विषय बदलता येत नाही. एकदा बदलला की वर्ग गेला असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आणि मला बदलायचा पण नाही. तुला सर्दी झाली की तू काहीही लिहितोस.

मी तिसरा पुरावा एकटीने शोधला. तीन शनिवार लागले. आमच्या शाळेचे जुने अहवाल वाचनालयात बांधून ठेवलेत, सगळ्यात खालच्या फळीवर, त्यामुळे जमिनीवर बसून वाचावे लागतात. मी हळू वाचते, म्हणून मला कंटाळा येऊनसुद्धा एकही ओळ सुटली नाही. हे माझं कार्ड आहे, बघ:

"१८७६ साली नदीला मोठा पूर आला. पुलाचा कठडा वाहून गेला म्हणून शाळा नऊ दिवस बंद होती. (शाळेचा वार्षिक अहवाल, १८७६, पान ४)"

१८७९ साली पुरा झालेल्या पुलाचा कठडा १८७६ साली कसा वाहून जाईल? म्हणजे गुरुजी चुकले. पण गुरुजी स्वतःच्या मनाने चुकले नाहीत, ते तुमच्या नकलेमुळे चुकले. पुस्तिकेत मागे त्या नकलेचा फोटो छापलाय. गुरुजींनी सहीची प्रत दिली तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट बघितला.

मामा, तू एकतिसाव्या पानावर आहेस.

र ला तू जी टोपी घालतोस ती मला पाठ आहे. अकरा चुकांच्या यादीत ती पंधरा वेळा आहे. खाली सह्या दोन आहेत पण दोन्ही तुझ्याच वाटतात.

मी कुणाला दाखवलेलं नाही. ते पान मी टीपकागद घालून बंद करून ठेवलंय. बाईंनी विचारलं की तेवढंच पान का झाकतेस, तर मी म्हटलं शाई ओली आहे. छापलेल्या पुस्तकाची शाई. त्या चष्मा काढून बघत राहिल्या.

गठ्ठा खरंच बांधणीला गेलाय का? खरं सांग. मी जर लिहिलं की नक्कल चुकली, तर तुला काढून टाकतील का? आणि नाही लिहिलं तर माझं उत्तर अर्धंच राहतं, आणि अर्धं उत्तर बाई घेत नाहीत.

मला राग आलाय पण तुझ्यावर किती आणि बाईंवर किती ते कळत नाहीये.

ठकी


शनिवार, ८ मार्च
पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं

चि. ठकीस,

तुझं पत्र बुधवारी आलं. आज शनिवार. तीन दिवस मी उत्तर मनात लिहिलं आणि खोडलं. आता स्टोव्हवर पाणी ठेवलंय आणि ते उकळायच्या आत सुरुवात करायची असं ठरवून बसलोय.

गठ्ठा बांधणीला गेलेला नाही. तुझं ९ फेब्रुवारीचं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तो काढून बघितला. गठ्ठा ११४, पान २७. मूळ दाखल्यात साल १८७१ आहे. कागदाला नेमकी त्या आकड्यावर घडी आहे आणि शेवटच्या १ ला शाईचा फराटा लागलाय. खिडकीपाशी नेऊन धरलं की स्वच्छ १ दिसतो. मी तेव्हा खिडकीपाशी नेला नव्हता. मी ९ वाचला.

नोकरीला लागून मला दीड महिना झाला होता. समोरचा ताडणारा त्या दिवशी आला नव्हता, आणि नक्कल न्यायला गुरुजी बाहेर बाकावर ताटकळत बसले होते. मला वाटलं, माझ्या लिहिण्यात चूक कशी असेल? मीच वाचलं, मीच ताडलं, दोन्हीकडे सही केली. दुसरी सही जरा तिरकी केली, वेगळी दिसावी म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. खरं तर विसरूनही गेलो होतो. तुला जानेवारीत नियम सांगताना मला आठवण झाली नाही, यावर तू विश्वास ठेवावास असं वाटतं, पण ठेवलाच पाहिजे असं नाही.

मी कायम झालेलो नाही. दरवर्षी ३१ मार्चला माझी मुदत वाढवतात. मला वाटलं, तू विषय बदलशील, मुदत वाढेल, मग एप्रिलमध्ये बघू. तुझी तारीखही तीच आहे हे मला ठाऊक होतं. तरी असं वाटलं. मीठ विषय म्हणून वाईट नाही, पण ते सांगायला मला लाज वाटायला हवी होती.

काल हेडक्लार्कांकडे दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"तक्रार कुणाच्या नकलेबद्दल?"
"माझ्या."
"अर्जदार कोण?"
"मीच."
"मग मधे मला कशाला घेतोस बाबा? घरी आरशासमोर मिटवायचं."
बाकीचे हसले. मग त्यांनी सह्या बघितल्या आणि हसणं थांबलं. म्हणाले, "आकड्याचं मी एक वेळ समजून घेईन. ही दुसरी सही कशी समजून घेऊ?" अर्ज ठेवून घेतलाय.

नवी नक्कल मिळेल. यावेळी दुसऱ्याने ताडलेली. आली की दोन प्रती पाठवतो. तू सगळं लिही. माझं काय होईल ते माझं मी बघीन.

चुका मोजलेल्या नाहीत.

मामा


रविवार, २३ मार्च

प्रिय मामा,

नव्या नकला सोमवारी मिळाल्या. मी शनिवारी प्रकल्प दिला. आठ कार्डं झाली. सातव्या कार्डावर लिहिलंय, "पहिल्या नकलेत १ च्या जागी ९ वाचला गेला आणि ती एकाच माणसाने ताडली." त्याच्या खाली आधार लिहायचा होता. मी खूप वेळ बसले. मग लिहिलं, "नक्कल करणाऱ्याचं पत्र, ८ मार्च, पान २." बाईंनी विचारलं, "हे पत्र कुठे आहे?" मी दिलं. त्यांनी फक्त दुसरं पान वाचलं, पहिलं आणि तिसरं उलटसुद्धा केलं नाही. मग शिक्का मारला. मान्य.

मी सहावीतच राहणार आणि मग सातवीत जाणार. आई रडली आणि मग म्हणाली की पोळ्या करपल्या त्या माझ्यामुळे.

पण मला आनंद व्हायला पाहिजे तेवढा होत नाहीये. गुरुजींना मीच सांगितलं, प्रकल्प द्यायच्या आधी, मंगळवारी. बाई म्हणाल्या, "ज्याचं पुस्तक आहे त्याला आधी सांगायचं." मी पुराचं, मूळ दाखल्याचं आणि नव्या नकलेचं अशी तीन कार्डं त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवली. त्यांनी भिंगातून एकेक वाचलं. मला वाटलं, चिडतील, वारा घालतेस म्हणतील. ते म्हणाले, "पाचशे प्रती छापल्या मी. पेन्शनमधून." मग विचारलं, "नक्कल कुणी केली होती?" मी म्हटलं, "कचेरीने." ते म्हणाले, "कचेरीला हात नसतात, ठके."

मी कार्डं गोळा केली. त्या दिवसापासून ते वाचनालयात आलेले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी असते आणि दुसरं कुणी तिच्यावर बसतही नाही.

सगळे मान्य प्रकल्प ५ एप्रिलला भिंतीवर लागणार आहेत. सातवं कार्डही. गुरुजी तेव्हा नक्की येतील. त्याच्यात नाव नाही, पण मामाचं पत्र म्हणून वर्गाला माहीत आहे.

आणि अजून एक कटकट. बाई म्हणतात, शोधायला खर्च किती आला तेही शेवटी लिहायचं, म्हणजे पुढच्या मुलांना अंदाज येतो. वेळ पण. तुझा तेवढा पाठव. तुझ्या मुदतीचं काय झालं तेही लिही, लपवू नकोस.

तुझी ठकी


सोमवार, ३१ मार्च
दुपारचे चार वाजून पन्नास मिनिटं

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कचेरी सुटायला दहा मिनिटं आहेत. माझ्या टेबलावरचे गठ्ठे आवरून झालेत, म्हणून इथेच बसून लिहितो.

मुदत वर्षाची न देता तीन महिन्यांची दिली आहे. तंबी लेखी मिळाली. त्यात माझं आडनाव चुकवलंय, पण मी ते दाखवून द्यायला गेलो नाही. जुन्या नकलांपैकी पहिल्या चार महिन्यांच्या सगळ्या पुन्हा ताडायच्या आहेत, सहाशे चाळीस. समोर एक माणूस दिलाय. तो भयंकर हळू वाचतो. सुरुवातीला जीव जायची वेळ आली. आज बाराव्या नकलेत त्याने माझी एक चूक काढली, छोटी, पण काढली. दिवसभर डोकं ठणकतंय.

तुझा प्रकल्प मान्य झाला हे वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं. पण गुरुजींची खुर्ची वाचून झाल्यावर ते पत्र मी पुन्हा पाकिटात घातलं. त्या दिवशी ते बाकावर बसले होते तेव्हा त्यांनी मला हाक मारून म्हटलं होतं, "सावकाश होऊ दे, मला घाई नाही." घाई मलाच झाली होती.

हिशोब खालीलप्रमाणे. बाईंना द्यावा.

झालेला खर्च
शोध फी: २०
दुरुस्ती फी: ५०
नवी नक्कल, दोन प्रती, दर ३५: ७०
टपाल: २४
खिशातला शब्दकोश (हा बाईंना दाखवू नये): ६०
एकूण: २२४
वेळ: अर्ध्या दिवसाच्या रजा तीन, बिनपगारी

देणं
ताईला, दुकानावरच्या फोनचे: १२
वाचनालयाचा दंड, तू जाड पुस्तक तीन दिवस जास्त ठेवलंस त्याचा: ६, मी देईन
गुरुजींना, पाचशे पुस्तिकांत घालायच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, हाताने लिहून: आतापर्यंत ऐंशी झाल्या, त्या पार्सलने निघाल्यात, बाकी चारशे वीस
गुरुजींना एक पत्र, माझ्या नावाचं, ५ एप्रिलच्या आत: चार मसुदे फाडले, पाचवा याच पाकिटात आहे

त्याचं पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच, मग त्यांच्या घरी नेऊन दे.

तुझा मामा